गोकाकचा जुना कॅनॉल बघायला जाताय? मग आधी पाण्याचं विचारा

गोकाक म्हटलं की आपल्याकडं सगळे धबधबाच बघून येतात. झुलत्या पुलाजवळ फोटो, करदंट मिठाईचे दोन पुडे, झाली ट्रिप. पण त्याच घटप्रभा नदीवर धबधब्याच्या वरच्या अंगाला धुपदाळला इंग्रजांच्या वेळचा बंधारा आहे, १८९७ सालचा, आणि तिथनं जो डावा कॅनॉल निघतो तो बघायला मुद्दाम कोण जात नाही. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड ह्या पट्ट्यातल्या माणसाला एका दिवसात आरामात होतं, खर्च फार नाही, फक्त डोकं लावून प्लॅन करायला लागतं कारण कॅनॉल काय बारा महिने सारखा दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहितोय, ज्यांना माहिती आहे त्यांनी खालचं सोडून दिलं तरी चालेल.

आधी ठरवा, बघायचं काय

ही गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून पहिलीच सांगतो. धबधबा आणि कॅनॉल दोन्ही एकाच नदीच्या पाण्यावर आहेत, आणि नदी आधी धुपदाळला येते, मग धबधब्याला. म्हणजे पावसाळ्यात नदीला एवढं पाणी असतं की कॅनॉलनं कितीबी घेतलं तरी बंधाऱ्यावरनं भरून वाहतं आणि खाली धबधबा गर्जत असतो. पण पाऊस संपला, नदी उतरली, की धुपदाळला आलेलं पाणी आधी कॅनॉलला वळवतात, शेताला द्यायचं असतं ना, मग खाली खडकावरनं दोनचार धारा पडतात तेवढ्याच. जानेवारीत धबधबा बघायला आलेले लोक तोंड वाकडं करून परत जातात आणि तिकडं कॅनॉल काठोकाठ चाललेला असतो. दोन्ही एकदम फुल्ल बघायला मिळेल असं डोक्यात धरून जाऊ नका.

तर महिन्यांचा हिशोब असा धरा. जुलै ते सप्टेंबर धबधबा आणि बंधारा. ऑक्टोबर-नोव्हेंबर मधला काळ, थोडं थोडं सगळं बघायला मिळतं, ऊन पण सोसतं, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच सांगीन. डिसेंबर ते फेब्रुवारी कॅनॉल आणि पक्षी. धुपदाळच्या पाणथळीला १९७४ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, थंडीत लांबनं करकोचे आणि पांढरे बलाक येतात. आणि एप्रिल-मे मध्ये बहुतेक वेळा कॅनॉल बंद, कोरडा, पण ज्याला बांधकाम बघायचंय त्याला खरं तर तेच बरं कारण तळ दिसतो, भिंती दिसतात, गेटखालची दगडं दिसतात. ऊन मात्र डोकं फोडणारं.

पाणी सोडलंय का ते कसं कळणार

कॅनॉलला पाणी कधी सोडायचं हे वरच्या हिडकल डॅममध्ये किती साठलंय त्यावर ठरतं. पाणी सल्लागार समितीची मीटिंग होते, त्यात पाळ्या ठरतात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणी. ही बातमी लोकल पेपरात येते, कन्नडमध्ये जास्त सविस्तर येते. पण सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुडलगी, महालिंगपूर, रायबाग साईडला कुणाचे तरी पाव्हणे असतातच, त्यांना एक फोन. ज्याचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे त्याला गेट कधी उचलणार हे ऑफिसच्या आधी माहिती असतं. "काय ओ मामा, कॅनॉलला पाणी आलंय काय?" एवढं विचारलं की आठवड्याभराचा अंदाज मिळतो. पाव्हणे नसतील तर घटप्रभा स्टेशनजवळच्या चहाच्या गाड्यावर विचारा, तिथं पण कळतं, पण तोपर्यंत तुम्ही पोचलेला असणार.

पावसाळ्यात जाणार असाल तर उलटं विचारायचं, पाणी जास्त झालंय काय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घटप्रभेनं गोकाकमध्ये काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला की गोकाक ते घटप्रभा रस्ता बंद होतो, मग अलीकडं आहात तर अलीकडंच. आपल्याकडं चंदगड-आंबोली साईडला दोन-तीन दिवस झोडपून पाऊस झाला असेल आणि हिडकलचं गेट उघडलं अशी बातमी असेल तर ट्रिप पुढं ढकला. घटप्रभा तिकडच्याच डोंगरातनं येते, हिरण्यकेशी पण आंबोलीतनं येऊन तिलाच मिळते, त्यामुळं बेळगावात ऊन पडलेलं असलं तरी त्यावर काय अवलंबून नाही.

जायचं कसं

बेळगावहून अंकलगीवरनं गोकाक, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. सेंट्रल बस स्टँडवरनं गोकाकच्या लाल गाड्या भरपूर. दुसरा रस्ता हायवेनं हत्तरगीपर्यंत जाऊन हिडकलकडं वळायचं आणि तिथनं घटप्रभा, हा थोडा लांब पण डॅम पण बघायचा असेल तर हाच बरा. निपाणी, गडहिंग्लजवाल्यांनी संकेश्वर गाठायचं, पुढं हुक्केरी आणि मग घटप्रभा, सरळ रस्ता आहे, हाच पुढं गोकाक आणि यरगट्टीला जातो.

ट्रेननं जायचं असेल तर बेळगाव-मिरज लाईनवर घटप्रभा स्टेशन आहे आणि धुपदाळ तिथनं रिक्षानं जाण्यासारखं जवळ. सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, पॅसेंजरचं टायमिंग आदल्या दिवशी ॲपवर बघून ठेवा आणि परतीची गाडी पण आधीच बघा. मला विचाराल तर एकटंदुकटं असाल तर ट्रेन, घरची सगळी मंडळी असतील तर गाडी, कारण बंधारा, धबधबा, गोकाक ह्या तिन्ही ठिकाणी चढ-उतार करताना लहान पोरं आणि म्हातारी माणसं रिक्षा-बसच्या नादात दमतात.

बायकांसाठी एक गोष्ट. कर्नाटक सरकारची शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, पण आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र कर्नाटकच्या पत्त्याचं पाहिजे. कोल्हापूर-गडहिंग्लजकडनं आलेल्या वहिनी-काकूंनी तिकीट काढायचं, उगाच कंडक्टरशी वाद नको. आणि आपल्याकडच्या माहेरवाशिणींचं लग्नानंतर आधार तिकडच्या पत्त्यावर गेलेलं असतं, ते बसमध्ये चढल्यावर आठवतं, म्हणून आधीच बघून घ्या.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. गोकाक साईड पूर्ण कन्नड, पण बाजारात, बसमध्ये मोडकंतोडकं मराठी-हिंदी चालतं. "अण्णा, धुपदाळ केनाल यल्ली?" एवढं बोललात तरी माणूस हातातलं काम सोडून रस्ता दाखवतो. बोर्ड सगळे कन्नडमध्ये, त्यात एडदंडे म्हणजे डावा आणि बलदंडे म्हणजे उजवा एवढं लक्षात ठेवा. वाचता येत नसेल तर बोर्डाचा फोटो काढून फोनवर ट्रान्सलेट करा.

धुपदाळला पोचल्यावर

सकाळी आठच्या आत पोचा. ऊन कमी, पक्षी जागेवर, आणि गर्दी नसते. गाडी रस्त्याच्या कडेला अशी लावा की ट्रॅक्टर जाईल.

आता बघायचं कसं ते सांगतो, नाहीतर बरेच जण नुसतं पाणी बघून दहा मिनिटात परत फिरतात. पहिल्यांदा नदी जिकडं वाहते तिकडं तोंड करून उभं राहा. तुमच्या डाव्या हाताला जो काठ तो डावा काठ, कॅनॉल त्याच बाजूनं निघतो. समोर आडवी जी भिंत आहे तो बंधारा, हा डॅम नव्हे. डॅम पाणी साठवतो, बंधाऱ्याचं काम नदीची पातळी थोडी वर उचलायची एवढंच, म्हणजे पाणी आपोआप कॅनॉलच्या तोंडात शिरतं, पंप नको, इंजिन नको. जास्तीचं पाणी भिंतीवरनं पलीकडं पडतं. सव्वाशे वर्षं झाली, पद्धत तीच आहे.

मग कॅनॉलच्या तोंडाकडं या. तिथं गेट असतात, ती वरखाली करून आत किती पाणी सोडायचं ते ठरतं. तिथंच आसपास भिंतीवर फूटपट्टीसारखे आकडे रंगवलेले दिसतील, ते गेज. पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं आणि थोडं खाली बघायचं, दगडावर ओला काळपट पट्टा असतो, हिरवं शेवाळ असतं, त्यावरनं कळतं की आधी पाणी किती होतं आणि आता किती उतरलंय. पट्टा पाण्याच्या वर हातभर दिसतोय म्हणजे पाणी कमी केलंय, पाळी संपत आलीय असं समजा. पोरांना घेऊन गेलात तर हा खेळ त्यांना आवडतो, गेज वाचायला लावा.

नदीबरोबर गाळ येतो, तो कॅनॉलमध्ये शिरला तर कॅनॉल उथळ होतो, म्हणून कॅनॉलच्या तोंडाजवळ बंधाऱ्यातच खालच्या बाजूला वेगळी दारं ठेवतात, ती उघडली की साठलेला गाळ नदीतच पुढं ढकलला जातो. पावसाळ्याच्या पहिल्या पाण्यात नदी चहासारखी लाल असते तेव्हा ह्या दारांची किंमत कळते.

एक गैरसमज काढून टाका. तुम्हाला दिसणारा सगळा कॅनॉल इंग्रजांचा नाही. बंधारा १८९७ चा, पण कॅनॉल पुढं टप्प्याटप्प्यानं वाढवत नेला, घटप्रभा योजनेच्या पहिल्या टप्प्यात डावा कॅनॉल ७१ किलोमीटर, नंतर वाढवून १०९ किलोमीटर. आणि हिडकलपासनं निघणारा उजवा कॅनॉल तर दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तो पूर्ण नंतरचा. जुनं-नवं ओळखायचं तर हात लावून बघा. घडीव दगड, सांध्यात चुना, कडा झिजून गोल झालेल्या, ते जुनं. सपाट काँक्रीटचा उतार, ठराविक अंतरावर जोड, ते नंतरचं अस्तर. काही ठिकाणी दोन्ही एकाच जागी दिसतं, दगडाच्या भिंतीवर सिमेंटचा हात मारलेला.

काठानं थोडं चाला

बंधाऱ्यापाशीच थांबू नका. कॅनॉलच्या काठानं कच्चा रस्ता असतो, किलोमीटर-दोन किलोमीटर चालत जावा. कॅनॉल सरळ जात नाही, वळत वळत जातो, कारण पाण्याला नुसत्या उतारावर न्यायचंय, उतार एकदम कमी ठेवायचाय, मग टेकाड आलं की वळसा घालायचा. त्यामुळं चालताना एक गंमत दिसते, कॅनॉलच्या वरच्या अंगाला माळ, हरळी, बाभळी, आणि खालच्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत ऊस आणि मका. मधी फक्त कॅनॉल. दोन्हीकडची माती एकच.

वाटेत फाटे लागतील, मोठ्या कॅनॉलमधनं छोटा फाटा, त्यातनं चारी, चारीतनं शेत. फाट्याच्या तोंडाला लोखंडी शटर असतं, त्याला कुलूप. त्या कुलपाला हात लावू नका, फोटोसाठी चाक फिरवून बघू नका. पाण्यावरनं भांडणं होणारा हा मुलूख आहे, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ही तक्रार दरवर्षीची, आणि शटरजवळ अनोळखी माणूस दिसला की लोक चार प्रश्न विचारणारच. हसून सांगायचं, बेळगावहून आलोय, जुना कॅनॉल बघायला. बहुतेक वेळा पुढं चहाच मिळतो.

आता सुरक्षिततेचं, आणि हे मस्करीत घेऊ नका. काँक्रीटचं अस्तर असलेल्या कॅनॉलमध्ये पोहायला उतरू नका, पाय धुवायला पण नाही. वरनं पाणी संथ दिसतं पण आत ओढ असते, आणि बाजूचा उतार शेवाळानं इतका गुळगुळीत असतो की पट्टीचा पोहणारा पण वर चढू शकत नाही, धरायला काही नसतं. बायका धुणं धुतात, म्हशी पाण्यात बसतात त्या ठरलेल्या पायऱ्यांवर, त्यांना तिथली जागा माहिती असते. पोरांचा हात सोडायचा नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवर चालायचं नाही, पाणी नसलं तरी नाही. ड्रोन उडवू नका, बंधारा आणि गेटची जागा आहे, परवानगीशिवाय भानगड होते. देखभाल कर्नाटक नीरावरी निगम म्हणजे तिकडच्या सरकारी पाटबंधारे महामंडळाकडं आहे, कुठं आत जायचं असेल तर त्यांच्या माणसाला विचारायचं, तो नको म्हणाला तर नको.

मग धबधबा, गोकाक आणि जेवण

कॅनॉल बघून झाला की गोकाक फॉल्सला या, गोकाक गावाच्या अलीकडं साधारण सहा किलोमीटर. साधारण ५२ मीटरवरनं पाणी पडतं. इथली सूतगिरणी १८८५ च्या सुमारास उभी राहिली ती ह्याच पाण्याच्या जोरावर, म्हणजे वरती पाणी शेतीला वळवायचा विचार आणि इथं पाण्यावर गिरणी चालवायचा उद्योग हे दोन्ही एकाच काळातले. बंधारा आधी बघून आलात तर हे सगळं जुळतं, म्हणून मी धबधबा नंतर ठेवायला सांगतो. झुलता पूल दोनशे मीटरच्या आसपास लांब आहे, कधी चालू असतो कधी बंद, बंद असेल तर गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. जवळची जुनी दगडी देवळं चालुक्य काळातली, पाच-दहा मिनिटं तिथं द्या. खडकावर सेल्फीचं पावसाळ्यात अजिबात नको.

जेवायला गोकाकमध्ये खानावळ शोधा, हॉटेल नको. ज्वारीची कडक किंवा मऊ भाकरी, येण्णगाई म्हणजे आपलं भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही. तिखट कमी पाहिजे तर आधीच सांगा. करदंट घेताना गुळाचं आणि साखरेचं दोन्ही असतं, गुळाचंच घ्या, आणि डिंक-सुकामेवा दिसतोय का बघून घ्या, पॅकिंगच्या नावावर जाऊ नका. लाकडाची रंगवलेली फळं पण गोकाकची जुनी कला, दुकानात विचारलं तर काढून दाखवतात.

वेळ उरला तर हिडकल

गाडी असेल तरच. डॅमचं सरकारी नाव राजा लखमगौडा, हेच नाव आपल्या बेळगावच्या आरएलएस कॉलेजात आणि आरएल लॉ मध्ये रोज घेतो, वंटमुरीचे देसाई. १९७७ ला पूर्ण झाला, साठा ५१ टीएमसीचा, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धुपदाळला जे पाणी बघितलं ते पावसाळा सोडून बहुतेक इथनंच सोडलेलं असतं. डॅमवर कुठपर्यंत सोडतात ते त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि उन्हाळ्यात गेलात, पाणी खूप उतरलेलं असलं, तर हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बघा. डॅम झाल्यापासनं पाण्यात आहे, पाणी आटलं की दगडी देऊळ वर येतं. तिथला चिखल वरनं वाळलेला दिसतो पण आत मऊ असतो, आधी गावातल्या कुणाला तरी पुढं घालून जावा.

बॅगेत पाणी, टोपी, गमबूट नको पण ग्रिपवाली चप्पल किंवा बूट, दुर्बीण असली तर थंडीत नक्की, आणि सुट्टे पैसे कारण गाड्यावर फोनवरनं पैसे भरायला रेंज मिळेलच असं नाही.

परत निघताना उजेडात निघा. नोव्हेंबरपासनं कारखाने चालू असतात, ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन मधनं चालतात, मागं लाईट नसतो, आणि अंकलगीच्या रस्त्याला रात्री समोरनं येणाऱ्याच्या उजेडात ते दिसतच नाहीत. गोकाक पाच-साडेपाचला सोडलं तर घरी जेवायला पोचता.